माझ्या भावाचं वय

माझ्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमात माझ्या भावाला पंचाहत्तरी ओलांडलेला ज्येष्ठ समजून स्टेजवर नेलं आणि शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. तो तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता.

कार्यक्रम रामदासपेठेतच, आमच्या घराजवळच्या एका हॉलमध्ये होता. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. एक्याऐंशी वर्षांचे मामाजी पांढऱ्या सिल्कच्या झब्ब्यात ताठ बसले होते. दिव्यांनी ओवाळून झालं, तुला झाली, मग नणंदेने माईक हातात घेतला. ती पुण्याहून चार दिवस आधीच आली होती आणि सगळी आखणी तिचीच होती. तिने जाहीर केलं, “बाबांबरोबर आज आपण इथे जमलेल्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या सगळ्या ज्येष्ठांचाही सन्मान करणार आहोत.” टाळ्या पडल्या. नणंदेची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी हॉलमध्ये फिरून म्हाताऱ्या माणसांना हात धरून उठवू लागल्या.

माझा भाऊ आणि वहिनी अगदी शेवटच्या रांगेत बसले होते. नणंदेच्या मुलीने त्याला याआधी पाहिलं असलं तरी ती तेव्हा फार लहान होती. ती त्याच्यापुढे वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, “चला ना आजोबा.”

मी कडेला उभी होते. मला ऐकू आलं. भावाने आधी मागे वळून पाहिलं, ही मागच्या कोणाला तरी म्हणते आहे असं वाटून. मागे भिंत होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे निघाले, सांगायला, की अगं थांब. पण त्याने गुडघ्याजवळ हात ठेवून तळवा हलकेच खाली दाबला. लहानपणी घरात वडील चिडले असले की तो मला असाच इशारा करायचा. राहू दे. गप बस. आणि तो त्या पोरीचा हात धरून उठला.

स्टेजवर एक निवृत्त न्यायाधीश होते, एक डॉक्टर होते, मुलींच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका होत्या. सगळ्यांचे चष्मे लखलखीत, दात बसवलेले आणि म्हणून पूर्ण, पाठी सरळ. त्यांच्यामध्ये माझा भाऊ बसला. नवा पांढरा शर्ट, त्यातून वर आलेली गळ्याची हाडं, आत गेलेले गाल. मिशी काळीभोर होती. कार्यक्रमासाठी म्हणून तो सकाळीच न्हाव्याकडे जाऊन ती रंगवून आला होता. बुटांच्या नाड्या मोकळ्या होत्या.

माझ्या शेजारी मामाजींच्या फिरायच्या ग्रुपमधल्या एक बाई उभ्या होत्या. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “ते टोकाचे कोण हो? नव्वदीचे असतील, नाही?”

“माझा भाऊ,” मी म्हटलं.

“हो का? मोठे?”

“हो. सात वर्षांनी मोठा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. स्टेजकडे पाहिलं. मग पर्स उघडून त्यात काहीतरी शोधू लागल्या.

मामाजी एकेकाला शाल पांघरवत पुढे सरकत होते. भावापाशी आल्यावर ते थबकले. ओळखलं होतं त्यांनी. पण समोर सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, फोटोग्राफर “इकडे बघा” म्हणत होता, आणि भाऊ हात जोडून, मान खाली घालून बसला होता. मामाजींनी शाल त्याच्या खांद्यावर घातली. मग त्याने वाकून मामाजींच्या पायांना हात लावला. स्टेजवरच्या इतर कुणीच तसं केलं नव्हतं. लोकांना ते फार आवडलं. टाळ्या वाढल्या.

जेवताना भाऊ हसत होता. “म्हातारा झालो वं मी. फुकटात सत्कार झाला. तिथं बोललो असतो तं तुया नणंदेचं तोंड एवढंसं झालं असतं. कायले?” गुलाबजाम खाल्ला, आणखी एक घेतला. वहिनीच्या ताटात मात्र सगळं तसंच होतं. ती खाली पाहत म्हणाली, “तुमचे मामाजी तं यायच्या बापाच्या वयाचे हायेत. अन् पायाले यायनं हात लावला तं लोक हासून राह्यले.” लोक हसले नव्हते, टाळ्या वाजवत होते. पण ते तिला सांगून काही फरक पडला नसता.

मला त्या दिवशी लाज वाटली. नक्की कशाची, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. माझा भाऊ असा दिसतो याची वाटली, हे आधी कबूल करायला हवं. मग ती वाटली याची वाटली.

*

आमचं माहेर उमरेडचं. वडील विणकर. घरात खड्ड्याचा माग होता आणि घराला दिवसभर त्या मागाचा खटखट आवाज असायचा. भाऊ आणि मी एकाच ताटात जेवून मोठे झालो. आजारी पडायचे ती मी. मला दमा होता, टायफॉइड झाला, शाळेत मी प्रार्थनेला उभी राहिले की चक्कर येऊन पडायची. भाऊ कधी साधा तापला नाही. तो कबड्डी खेळायचा. उमरेड-कुही-भिवापूरच्या मैदानांवर त्याला लोक ओळखायचे. एकदा भरलेली बैलगाडी चिखलात रुतली तर त्याने खांदा लावून ती एकट्याने काढली होती, हे आई कोणालाही सांगायची. आमच्यातलं कोण जास्त जगेल असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर सगळ्या गल्लीने त्याच्याकडे बोट दाखवलं असतं.

त्याने माझ्यासाठी शाळा सोडली असं नाही. तसं असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. त्याचं अभ्यासात लक्ष नव्हतं, दहावीत तो नापास झाला आणि त्याला त्याचं दुःखही झालं नाही. मला परीक्षा जमायच्या. मी स्कॉलरशिपवर नागपूरला आले, वसतिगृहात राहिले, एम. ए. केलं, भूगोल शिकवायला लागले आणि कॉलेजमधल्याच एकाशी लग्न करून रामदासपेठेत गेले. माग बंद पडल्यावर भाऊही नागपूरला आला. आधी पॉवरलूमवर होता, मग ते बंद पडलं तेव्हा मिरचीच्या गोदामात हमालीला लागला. नंदनवनच्या झोपडपट्टीत त्याने दोन खोल्या बांधल्या. माझ्या घरापासून त्याचं घर ऑटोने जाण्याइतकं जवळ. एकच शहर, एकच महानगरपालिका.

गरिबी म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, तसं त्याचं घर नव्हतं हेही सांगते. घरात फ्रीज होता, मोठा टीव्ही होता, मोटरसायकल होती. पोरीचं लग्न झालं होतं, मुलगा कमावता होता. उपाशी कोणी नव्हतं. राखीला तो यायचा, भाऊबीजेला मी जायची. दरवेळी त्याचा एखादा दात कमी असायचा. खर्रा खायचा तो, सुपारी-तंबाखू घोटलेला, दिवसभर गालात. आपलं माणूस हळूहळू म्हातारं होताना दिसत नाही. ते दुसऱ्यांना दिसतं, एकदम, एखाद्या हॉलमध्ये.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मामाजींनी मला विचारलं, “तुझा भाऊ किती वर्षांचा आहे?”

मी सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. मामाजी सरकारी खात्यात इंजिनियर होते, पूल बांधायचे. एखादी गोष्ट मनाला लागली की ते ती लगेच कामात बदलतात. म्हणाले, “काल त्याचे पाय पाहिलेस? नाड्या बांधता येत नव्हत्या इतके सुजलेत. त्याला आपल्या डॉक्टरांकडे घेऊन ये. आजच.”

मी नंदनवनला गेले. भाऊ गोदामात जायच्या तयारीत होता. डॉक्टरांचं नाव काढताच म्हणाला, “मले काय झालं वं? ठणठणीत हाओ. पाय तं दिवसभर उभं राहून राहून सुजतात.”

“मग दाखवायला काय जातं तुझं? मी येते ना बरोबर.”

“तिकडं नाई येत मी. इथंच दाखवतो.”

“इथे कुठे? इथला डॉक्टर इंजेक्शन देऊन पाठवून देतो.”

तो पायात चपला सरकवू लागला. वहिनीने आतून सांगितलं, “त्यायले तिथं लाज वाटते.”

मग त्याने सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी गोदामात आरोग्य तपासणी झाली होती, तेव्हा बीपी खूप वाढलंय, चांगल्या डॉक्टरला दाखवा, असं कोणीतरी म्हणालं होतं. तो कामावरून सरळ रामदासपेठेत आला होता. आमच्याच भागात, एका मोठ्या दवाखान्यात. नंबर लावला, सोफ्यावर बसला. एसी चालू होता, दारं बंद.

“कोणी काही बोललं नाई वं,” तो म्हणाला. “मी झूठ कायले बोलू? सारे ‘बसा काका, बसा काका’च करून राह्यले होते. पण मिरचीचा वास येते ना अंगाले. कपड्यात बसलेला राहते तो. आधी बाजूची बाई शिंकाले लागली. मंग तिचं पोरगं. मंग समोरचा म्हातारा खोकाले लागला. सारे इकडं तिकडं पाहून राह्यले, वास कुठून येऊन राह्यला म्हणून. मी उठलो अन् बाहेर आलो. थोडा वेळ उभा राह्यलो झाडाखाली. मंग घरी आलो.”

“आंघोळ करून दुसऱ्या दिवशी जायचं ना.”

“सुट्टी कोण देते? अन् आंघोळीनं जात नाई तो.”

तो हे हसत सांगत होता. नक्कल करून दाखवत होता, बाई कशी शिंकली, म्हातारा कसा खोकला. मी पण हसले. हसता हसता माझ्या लक्षात आलं की मी भाऊबीजेला जायची तेव्हाही मला त्या घरात शिंका यायच्या, आणि मी रुमाल काढून म्हणायची, “सर्दी झालीय वाटतं.”

*

अखेर मी आणि मामाजी दोघं गाडी घेऊन गेलो तेव्हा तो आला. मामाजींना नाही म्हणणं त्याला जमलं नाही. डॉक्टर तरुण होते, नम्र होते. त्यांनी विचारलं, “बीपीचा त्रास किती वर्षांपासून?”

“मले बीपी नाई आहे.”

“आहे, काका. खूप वर्षांपासून असणार.”

सोनोग्राफीत दिसलं की दोन्ही किडन्या आकसल्या होत्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “वेळेवर रोज एक साधी गोळी घेतली असती तर इथपर्यंत आलं नसतं.” मग माझ्याकडे पाहून, अगदी सहज, “तुम्ही कोण त्यांच्या?”

मी बहीण म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

डायलिसिस सुरू झालं. त्याची सोय झाली, त्यात काही अडलं नाही. आता कुठेच काही अडत नव्हतं. अडण्याची वेळ आधीच होऊन गेली होती. गोदाम सुटलं. भाऊ आठवड्यातून दोनदा त्या खुर्चीत हाताला नळ्या लावून पडून राहायचा, आणि मामाजी त्याच्याजवळ जाऊन बसायला लागले. आम्ही कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं. सकाळचं फिरणं करून, नाश्ता करून, पेपर काखेत घेऊन ते रिक्षाने निघायचे. भावाला क्रिकेटच्या बातम्या वाचून दाखवायचे. भाऊ त्यांना बाबूजी म्हणायचा.

एकदा मी तिथे होते. खर्र्यावरून बोलणं निघालं होतं. मामाजी नेहमीच्या कडक आवाजात म्हणाले, “हा सगळा त्या खर्र्याचा प्रताप आहे. लोक ऐकत नाहीत.”

“खरं हाये बाबूजी,” भाऊ म्हणाला. “तुमाले तं कशाचंच व्यसन नसन.”

मामाजींनी आवाज खाली आणून सांगितलं, “मी चाळीस वर्षं सिगरेट ओढली. दिवसाला पाकीटभर.”

भाऊ उठून बसायला लागला. नर्स ओरडली. “मंग तुमी कसे वाचले जी?” त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याच्या आवाजात कौतुक होतं.

मला ती हकिकत ठाऊक होती, कारण आमच्या घरात ती पाहुण्यांना अभिमानाने सांगितली जाते. मामाजी अठ्ठावन्न वर्षांचे असताना एक दिवस पोहे खाता खाता त्यांच्या छातीत दाबल्यासारखं झालं. हॉस्पिटल तीन गल्ल्या सोडून होतं. शेजारी राहणारे हृदयाचे डॉक्टर स्वतः गाडीत बसून बरोबर गेले. दुपारच्या जेवणाच्या आत सगळं आटोपलं होतं. मामाजींनी सिगरेट सोडली ती त्यानंतर, निवृत्त झाल्यावर, सकाळी फिरायला वेळ मिळू लागल्यावर. पाहुण्यांपुढे ते नेहमी म्हणतात, “मनाचा निग्रह पाहिजे.”

भावापुढे ते तसं म्हणाले नाहीत. पेपरची घडी घातली, उलगडली. म्हणाले, “हॉस्पिटल जवळ होतं.”

“हां,” भाऊ म्हणाला. “जवळ असलं म्हंजे बरं राहते.”

नंदनवनहूनही ते काही दूर नव्हतं. हे तिघांनाही माहीत होतं.

*

त्या दिवसांत मी कॉलेजमध्ये लोकसंख्येचा भूगोल शिकवत होते. जन्मदर, मृत्युदर, सरासरी आयुर्मान. वर्षानुवर्षं तेच शिकवलेलं. फळ्यावर लोकसंख्येचा मनोरा काढायचा, खाली लहान मुलांचा रुंद पट्टा, वर वर निमुळता होत गेलेला. शेवटचा पट्टा म्हाताऱ्यांचा, अगदी बारीक. कुहीकडच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलीने त्या पट्ट्याकडे बोट करून विचारलं, “मॅडम, हे वरचे लोक राहतात कुठं? आमच्या गावात तं दिसत नाहीत एवढे म्हातारे.”

वर्ग हसला. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की पोषण, स्वच्छता, वैद्यकीय सेवा. लिहून घ्या. मुलीने लिहून घेतलं.

घरी येताना आमच्या गल्लीतल्या बागेपाशी मी गाडी हळू केली. संध्याकाळची वेळ होती. बाकांवर तो सगळा वरचा पट्टा बसला होता. मफलर बांधून, काठ्या टेकून, एकमेकांच्या रिपोर्टांवर बोलत. मला त्यांच्याबद्दल राग नव्हता. त्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्या लेकराला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण सरासरी काढताना त्यांची वर्षं आणि माझ्या भावाची वर्षं एकत्र मिसळतात, मध्ये कुठेतरी एक आकडा येतो, आणि मी तो फळ्यावर ‘आपलं आयुर्मान’ म्हणून लिहीत आले होते. त्या आकड्याइतकं आमच्यातलं कोणीच जगत नव्हतं. ते पुष्कळ जास्त जगत होते, तो पुष्कळ कमी. आणि पैसा नुसता कमी असल्याने असं होतं असंही मला वाटेनासं झालं. आमच्या लहानपणी उमरेडला पैसा याहून कमी होता. पण तिथे वैद्याच्या ओट्यावर वडील बसले तर बाजूचाही विणकरच असायचा आणि दोघांच्याही अंगाला सुताला लावायच्या खळीचा वास यायचा. कोणाला उठून झाडाखाली जावं लागत नव्हतं.

*

भाऊ जानेवारीत गेला. छातीत संसर्ग झाला आणि दोन दिवसांत संपलं. अठ्ठावन्न पुरं व्हायचं होतं. सकाळी त्याला घरी आणलं. गल्ली इतकी अरुंद होती की गाडी रस्त्यावरच उभी करावी लागली आणि चौघांनी उचलून आत आणलं. मी आधीच पोहोचले होते. थोड्या वेळाने माझे यजमान मामाजींना घेऊन आले. थंडी खूप होती, या वयात येऊ नका म्हणून आम्ही फोनवर सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. ते रस्त्यापासून चालत आले, नालीवरच्या फरशा ओलांडत, कोणाचा हात न धरता.

गल्लीतल्या लोकांनी त्यांना प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. बाकी सगळे उभे किंवा खाली बसलेले. मामाजी खुर्चीत बसेनात. लोक आग्रह करू लागले, “बसा जी, म्हातारे माणूस तुमी.” मग ते काठावर टेकले. त्यांच्या पायाशी शेजारची एक म्हातारी बसली होती. कमरेत वाकलेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. वहिनी तिला काकू म्हणते. ती वहिनीहून फार मोठी नाही हे मला ठाऊक होतं. रडून झाल्यावर माणसं जशी इकडचं तिकडचं विचारतात तसं तिने मान वर करून मामाजींना विचारलं, “किती वय असन जी तुमचं?”

मी दारात होते. मामाजी माझ्यासमोरच होते. ज्या माणसाने आपल्या वयाचा हॉल भरून सोहळा केला होता, जो बँकेत, रिक्षात, भाजीवाल्याला, न विचारता सांगायचा की मी ब्याऐंशीचा आहे आणि अजून जिने चढतो, त्या माणसाने म्हातारीच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं.

“सत्तर होतील आता,” मामाजी म्हणाले.

“सत्तर!” म्हातारीने तोंडाला पदर लावला. बाजूच्या बाईला सांगितलं, “आइक वं, सत्तर वर्षांचे हायेत हे. पाहा कसे राह्यले.” दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. एकजण मान डोलावून म्हणाला, “आमच्या इकडं सत्तर कोणी पाहत नाई जी.” त्यात तक्रार नव्हती. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलला.

मामाजींनी मान खाली घातली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही तिथून आत वळले.

भावाच्या मुलाने मडकं धरलं. माणसं निघाली. मामाजी खुर्चीतून उठून त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेले आणि तिरडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

परत येताना मामाजी गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. घर जवळ आल्यावर, पुढेच पाहत, त्यांनी मला सांगितलं, “मला तिथे खरं सांगता येईना. चोरी उघडकीस येईल असं वाटलं.”

“तुम्ही कोणाचं काय चोरलंय, मामाजी?” यजमान म्हणाले.

“माहीत नाही,” मामाजी म्हणाले. “पण वाटलं खरं.”

त्यानंतर त्यांनी वाढदिवस करू दिला नाही. नणंदेला फार वाईट वाटलं. तिने पुण्याहून केक मागवला होता, तो त्यांनी खालच्या वॉचमनला देऊन टाकला. फिरायला जातात, जिने चढतात, पण वय विचारलं तर “झालं आता पुष्कळ” एवढंच म्हणतात. एक्याऐंशी दिव्यांच्या कार्यक्रमाचे फोटो नणंदेने मोठ्या अल्बममध्ये लावून पाठवले आहेत. मी ते वहिनीला दाखवलेले नाहीत, आणि तिनेही मागितले नाहीत.

*

भाऊ गेल्याच्या वर्षात माझी तपासणी झाली. कॉलेजकडून दरवर्षी होते. डॉक्टरांनी दंडाला बीपीचा पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. “किंचित वाढलंय,” म्हणाले. “घरात कोणाला आहे का?”

मी सांगितलं, सख्ख्या भावाला होतं.

“मग आत्ताच सुरू करू. घाबरण्यासारखं काही नाही. वेळेवर सापडलंय.” त्यांनी चिठ्ठीवर एक गोळी लिहून दिली. सकाळी, चहानंतर.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर थोडा वेळ थांबले. जे त्याच्या रक्तात होतं तेच माझ्यात निघालं होतं. माझ्यात सापडलं. मला सुटका झाल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी असं वाटलं की कोणी मला या पायऱ्यांवर पाहू नये.

वर्षश्राद्धाला मी आदल्या दिवशीच वहिनीकडे राहायला गेले. सकाळी चहा झाला. वहिनी ओट्यापाशी होती, पाहुणे यायचे होते. मी पर्समधून गोळी काढली आणि मोरीच्या दाराआड गेले. त्या घरात, त्या दिवशी, ती सगळ्यांसमोर घेणं मला जमेना. गोळी जिभेवर ठेवली आणि लक्षात आलं की पाणी घेतलंच नाही. कोरडीच गिळायला गेले तर घशात अडकली, खोकला आला.

वहिनी आली. माझ्या हातातली गोळ्यांची रिकामी पट्टी तिने पाहिली. तिला त्या गोळीचं नाव पाठ होतं. भावाला शेवटी शेवटी तीच चालू होती. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

“आधी पाणी पे,” ती म्हणाली.

तिने तांब्या माझ्या हातात दिला, मी पिईपर्यंत उभी राहिली, मग तांब्या परत घेऊन गेली आणि वांगी चिरायला बसली. मी तिच्यासमोर जाऊन बसले. दुसरी विळी नव्हती, म्हणून मी लसूण सोलायला घेतला.